चार महिने थांबलो, आता बुकिंग सोडून यार्डातली गाडी उचलावी का?

सातरस्ता
मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा घाईने हवा आहे. गुढीपाडव्याला मुहूर्तावर नव्या गाडीचं बुकिंग केलं. चार मीटरच्या आतली, १२०० सीसी पेट्रोल, मधलं मॉडेल, पांढरा रंग. अकरा हजार भरले. दहा आठवड्यांत गाडी दारात, असं तोंडी सांगितलं होतं. आषाढी होऊन गेली, सतरा आठवडे झाले. फोन केला की "पुढच्या लॉटमध्ये नक्की". आता नवी तारीख दसऱ्याची मिळाली आहे.

परवा शोरूममधूनच फोन आला. हीच गाडी, पण टॉप मॉडेल, गडद निळी, यार्डात उभी आहे. हो म्हणालात तर आठ दिवसांत पासिंग करून देतो, ५५ हजार सूट. खोदून विचारल्यावर कळलं की गाडी गेल्या नोव्हेंबरात बनलेली.

वडिलांची बायपास झाली आहे. दर महिन्याला तपासणीला पुण्याला न्यावं लागतं, अडीचशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. बसमध्ये बसवायची हिंमत होत नाही. जुनी गाडी "पुढे एक्स्चेंजचा भाव पडेल" म्हणून शोरूमवाल्यांनी मेमध्येच घेतली. तेव्हापासून भाड्याची गाडी, एका फेरीला साडेआठ हजार. तीन फेऱ्या झाल्या.

पांढरा रंग घरात सगळ्यांनी बसून ठरवला होता. मधलं मॉडेल पैसे जुळवून, हिशेब करून ठरवलं होतं. आता एवढं थांबून दुसऱ्याने निवडलेली गाडी घरी आणायची, हे मनाला पटत नाही. रद्द करू की थांबू?

भुईकोट
मालक, अजिबात रद्द करू नका. तुम्हाला मुद्दाम दमवलं जातंय, असं माझं स्पष्ट मत आहे. यार्डात न खपलेली गाडी पडून असते, तिला गिऱ्हाईक पाहिजे असतं. मधल्या मॉडेलवाल्याला चार महिने लटकवलं की तो कंटाळून टॉप घेतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याशी हेच झालं. मी नाही म्हणालो आणि बाराव्या दिवशी माझी गाडी आली. बारा दिवसांत कारखान्यातून गाडी येते, तर आधीचे पाच महिने ती कुठे होती?

शिवाय नऊ महिने जुनी गाडी नव्या भावात का घ्यायची? आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं. उद्या विकायला काढाल तेव्हा घेणारा पासिंगची तारीख बघणार नाही, तो ते वर्ष बघेल.

शेंगाचटणी
भुईकोट दादा, तुमच्या घरी तेव्हा दुसरी गाडी होती का? इथे वडील आजारी आहेत आणि दारात गाडी नाही, हा फरक मोठा आहे.

मी गेल्या धनत्रयोदशीला यार्डातली गाडी घेतली, सात महिने जुनी. मला लाल हवी होती, करडी मिळाली. पहिले आठ दिवस वाईट वाटलं. नंतर सासूबाईंना घेऊन रूपाभवानीला गेलो, अक्कलकोटला गेलो आणि रंग डोक्यातून गेला. आज आठ हजार किलोमीटर झाले, एक तक्रार नाही. सातरस्ता दादांनी दसऱ्यापर्यंत थांबायचं म्हणजे पुण्याच्या अजून दोन-तीन फेऱ्या भाड्याने. ते पैसे परत येणार आहेत का?

भुईकोट
ताई, तुमची गाडी चांगली निघाली याचा आनंदच आहे. पण गरज आहे म्हणून वाटेल ते गळ्यात घ्यायचं का? दुकानदाराला गिऱ्हाइकाची अडचण कळली की भाव तोच ठरवतो. आणि रंगाचं म्हणाल तर सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो. गडद निळी गाडी दुपारी दोनला नवी पेठेत उन्हात उभी करून बघा. बायपास झालेल्या माणसाला त्या भट्टीत बसवायचं? पांढऱ्या रंगाचा हट्ट निव्वळ हौसेचा नाही.

हिशेबनीस
भावनेचं तुम्ही बघा, मी आकडे मांडतो. सातरस्ता यांनी मला व्यक्तिगत निरोपात किमती कळवल्या, त्यांच्या परवानगीने देतो.

मधलं मॉडेल एक्स-शोरूम ९,७२,०००. टॉप १०,८४,०००. वरवर फरक १ लाख १२ हजारांचा. पण महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, दहा ते वीस लाखांना १२ टक्के, आणि तो दहाच्या वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे मधल्याला १,०६,९२० आणि टॉपला १,३०,०८०. फरक २३,१६० रुपये. एकूण १,३५,१६०. त्यातून ५५ हजार सूट वजा केली तरी ८०,१६० जास्तच जातात. इन्शुरन्सही थोडा वाढेल.

बिल दहा लाखांच्या वर गेलं की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच कापून घ्यायचा आयकर, लागतो, इथे सुमारे दहा हजार. तो रिटर्न भरताना परत मिळतो, पण आज खिशातून जातो.

तेव्हा "५५ हजार सूट" हे शब्द विसरा. तुम्ही ८० हजार जास्त देऊन न मागितलेल्या सोयी आणि नऊ महिन्यांचं वय विकत घेताय. गाडी दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर एका वर्षाच्या वयाने विकताना फारसं बिघडत नाही. चार-पाच वर्षांत बदलणार असाल तर चांगलंच बिघडतं. हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

माजी_विक्रेता
मी सहा वर्षं शोरूममध्ये विक्रीला होतो, आता त्या धंद्यात नाही. त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

भुईकोट म्हणतात तसा प्रत्येक वेळी डाव असतोच असं नाही. कंपनी डीलरला गाड्या विकते आणि तिच्या दृष्टीने विक्री तिथेच झाली. डीलर बँकेच्या पैशावर माल उचलतो, त्याच्यावर रोज व्याज चढतं. कंपनी पाठवते त्यात हव्या त्या गाड्या कमी आणि न खपणाऱ्या जास्त, असंही होतं. २०२४ च्या सप्टेंबरात देशभरातला साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीइतका झाल्याचं डीलरांच्या संघटनेने, फाडाने, सांगितलं होतं. तुमच्यापुढची निळी गाडी नऊ महिने व्याज खाते आहे. त्यामुळे अडचण तुमची आहे तशी त्यांचीही आहे. ५५ हजार ही पहिली बोली समजा. महिनाअखेरीला, तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन बसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रद्द करण्याच्या अर्जावर आत्ता सही करू नका. त्याच बुकिंगवर मॉडेल आणि रंग बदलून घ्या. पावती तीच राहिली पाहिजे, पाडव्याची तारीख तीच राहिली पाहिजे. निळ्या गाडीचा चासी नंबर, उत्पादनाचा महिना, अंतिम ऑन-रोड किंमत आणि डिलिव्हरीची तारीख लेटरहेडवर लिहून घ्या. ते हातात आल्यावरच जुन्या ऑर्डरचा विषय संपवा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, माणूस आधी रद्द करतो आणि दोन दिवसांनी यार्डातली गाडी जास्त पैसे देणाऱ्याला जाते. रांगेतला नंबरही गेला आणि गाडीही गेली.

महिना तोंडी ऐकू नका. फॉर्म २२ मागा, म्हणजे गाडी नियमांत बसते असं कंपनीचं प्रमाणपत्र. फॉर्म २१ म्हणजे डीलरचं विक्री प्रमाणपत्र, त्यावरही उत्पादनाचा महिना-वर्ष असतं. दोन्ही ताडून बघा.

भुईकोट
तुम्ही आतले होतात म्हणून विचारतो. दहा आठवडे सांगून सतरा लावले, त्याचं उत्तर कोण देणार? व्याज डीलरला चढतं म्हणून त्याची दया यायची, मग गिऱ्हाइकाची साडेपंचवीस हजार भाड्यात गेली त्याचं काय?

माजी_विक्रेता
दया दाखवा असं मी म्हटलंच नाही, त्यांची नड ओळखा असं म्हटलं. उत्तर मागायचा हक्क तुम्हाला आहेच. पण बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी असतात: दिलेली तारीख अंदाजे आहे आणि किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल. तोंडी दहा आठवड्यांना कागदावर जागा नसते. इथून पुढे प्रत्येक आश्वासन ईमेलवर घ्या.

किमतीचं कलम दोन्हीकडून चालतं. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्के झाला. जे थांबले होते त्यांचा फायदा झाला. पण असं रोज होत नाही. एरवी जानेवारीत नाहीतर एप्रिलमध्ये किमती चढतातच, आणि थांबलेल्यांना ती वाढ भरावी लागते.

अॅड_विजापूररोड
थोडक्यात लिहिते. पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली किंवा लेखी तारीख मोडली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पण वडिलांना पुढच्या महिन्यात पुण्याला न्यायचंय, हे आयोग सोडवू शकणार नाही. हक्क आणि निकड वेगवेगळ्या ठेवून विचार करा. आणि इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, दोन ठिकाणचे भाव आणा.

वर्कशॉपवाला
अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. इंजिनाचं लै घाबरू नका. अधूनमधून चालू केलेली असली तर नऊ महिन्यांत इंजिनाला काही होत नाय. पण ही गाडी अख्खा सोलापूरचा उन्हाळा उघड्यावर काढून आलीय, ते बघायला पाहिजे.

पहिली बॅटरी. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते, चार्ज करून परत उतरते, असं चार-सहा वेळा झालं की ती मेलीच. चार्ज करून देतो म्हणतील, ऐकू नका, नवी मागा. मग टायर. एकाच जागी उभं राहून खालचा भाग चपटा होतो, ऐंशीच्या वर गाडी थरथरते. टायरच्या बाजूला कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२४ असलं तर २०२४ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी कुणी बघत नाही. वायपरचे रबर आणि दाराच्या पट्ट्या दाबून बघा, उन्हाने कडक झाल्या असल्या तर पहिल्याच पावसात पाणी आत. ब्रेक डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, दहा ब्रेक मारले की जातो.

आणि उंदीर! यार्डातल्या गाडीत उंदीर वायरिंग खातो, तो बिघाड सहा महिन्यांनी कुठेतरी मोहोळच्या पुढे रात्री डोकं वर काढतो. बॉनेट उघडून कोपऱ्यात लेंड्या, कुरतडलेला फोम दिसला तर ती गाडी सोडा. कितीपण सूट देऊ देत.

वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, त्यात नुकसान नाही. टॅक्स भरायच्या आधी गाडी बघा. पासिंग झाल्यावर बोलून उपयोग नाही.

हिशेबनीस
वर्कशॉपवाला यांच्या यादीत दोन गोष्टी जोडतो. नवी बॅटरी दिली तर तिची पावती वेगळी घ्या. आणि विम्याची पॉलिसी हातात आल्यावर आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा, आकडा वाचा. जुन्या साठ्यातली गाडी म्हणून तो आधीच कमी धरलेला नाही ना, हे पैसे भरण्याआधी विचारा.

सातरस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी जाऊन आलो. फॉर्म २२ वर महिना नोव्हेंबरच निघाला, तेवढं खरं बोलले. मीटरवर ३४ किलोमीटर. गाडी पत्र्याच्या शेडखाली होती, उघड्यावर नव्हती. उंदरांच्या खुणा मला तरी दिसल्या नाहीत, पण उजेड कमी होता. बॅटरी मेलेली होती, दुसरी जोडून चालू केली.

हिशेबनीसांचा कागद समोर ठेवला. ७५ हजारांवर आले, नवी बॅटरी, पावती तीच ठेवून मॉडेल बदल. चासी नंबरसकट लेटरहेडवर लिहून दिलंय. म्हणजे ६०,१६० जास्त. आधीची गाडी तेरा वर्षं वापरली, हीसुद्धा तेवढीच वापरणार, त्यामुळे वर्षाचा प्रश्न मला फार छळत नाही. रंगाचा छळतो. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "मला पुण्याला झोपून जाता आलं पाहिजे, रंग तुम्ही बाहेरून बघा." टॉपमध्ये मागे एसीचे झोत आहेत, हे ऐकून आईचा विरोध मावळला.

पैसे अजून भरलेले नाहीत. शनिवारी दिवसाउजेडी पुन्हा बघून ठरवणार.

भुईकोट
माझं मत बदललेलं नाही. चार महिने झुलवून न मागितलेली गाडी दिली, हे चूकच आहे, आणि असं प्रत्येकाने घेतलं तर त्यांची सवय मोडणार नाही. पण वडिलांचं वाचलं, त्यापुढे मी वाद घालणार नाही. शनिवारी एकटे जाऊ नका, तुम्ही किमतीचं बोलताना गाडीखाली कोण वाकणार? मी येतो. वर्कशॉपवाले, तुम्हाला जमेल का?

वर्कशॉपवाला
गॅरेज दहाला उघडतो. त्याच्या आधी असलं तर येतो. स्कॅनर आणतो, कॉम्प्युटरमध्ये जुना फॉल्ट राहिला असला तर दिसेल.

शेंगाचटणी
खाली वाकायच्या आधी पाचव्या टायरचा आकडा वाचा, मी विसरले होते.

सातरस्ता
साडेआठला सात रस्त्यावर भेटू, तिथून एकत्र जाऊ. त्यांना गाडी शेडबाहेर काढून ठेवायला सांगितलंय.