एक जोडणी, दोन मजले : स्वस्त राउटर कोणता घ्यावा आणि तो कसा जोडावा?

ऐरोलीकर :
नमस्कार. ऐरोलीत आमचे जुने रो-हाउस आहे. खाली आई-बाबा राहतात आणि वर आम्ही. २०० एमबीपीएसची फायबर जोडणी असून कंपनीने दिलेला मोडेम खालच्या हॉलमध्ये टीव्हीमागे बसवलेला आहे. वरच्या मागच्या खोलीत, जिथे मी घरून काम करतो आणि संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास असतो, तिथे वायफायची जेमतेम एक कांडी दिसते आणि व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. एका दुकानदाराने रिपीटर सुचवला, तर दुसऱ्याने साधारण हजार-बाराशे रुपयांचा, खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलेला ड्युअल बँड राउटर दाखवला. यांपैकी काय घ्यावे? खालचा प्रिंटर वरून चालायला हवा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हाही काम थांबू नये, अशी इच्छा आहे.

नेरूळ पूर्व :
रिपीटर घेऊ नका. तो मोडेमकडून हवेतून आलेला डेटा पुन्हा हवेतच पाठवतो. हे दोन्ही एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरपट्ट्यावर) चालत असेल, तर वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय जिथे एकच कांडी येते तिथे तो लावला, तर तो तीच एक कांडी पुढे वाटणार. तुमच्या घरात मध्ये आरसीसी स्लॅब आहे आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल स्लॅबमधून फारच कमी पार होतो. म्हणून खालून वर केबल ओढा आणि वर राउटर लावा.

आता त्या ‘१२००’ विषयी, कारण खरेदी करताना गल्लत होते ती इथेच. हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची ठोकळमानाने केलेली बेरीज आहे. मागे जिथे केबल लागते त्या पोर्टशी तिचा काहीही संबंध नाही. या किमतीच्या अनेक राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात आणि त्यांतून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर वेग मिळत नाही. म्हणजे २०० चे पैसे भरूनही वरच्या मजल्यावर निम्माच वेग पोहोचेल. खोक्याच्या मागच्या बाजूला वॅन (बाहेरून येणाऱ्या जोडणीचा) आणि लॅन (घरातल्या उपकरणांचा) या दोन्ही पोर्टांपुढे ‘गिगाबिट’, म्हणजे १००० एमबीपीएस, असे छापलेले असेल, तरच घ्या. त्यासाठी चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

वर्तकनगर ठाणे :
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त नवा राउटर ‘राउटर’ म्हणून चालवू नका, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड निवडा, म्हणजे तो खालचेच नेटवर्क वायफायने वर पुरवेल. तसे न केल्यास वरच्या उपकरणांचे वेगळे नेटवर्क तयार होते आणि मग खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला सापडत नाही.

काही स्वस्त मॉडेलांत हा मोड नसतो, पण त्यावाचून अडत नाही. लॅपटॉप केबलने नव्या राउटरला जोडा. खालच्या मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर नव्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्या, त्यानंतर त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि खालून आलेली केबल वॅनमध्ये न लावता लॅनच्या पोर्टमध्ये लावा. वायफायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवा, म्हणजे जिना चढताना आई-बाबांना फोनवर काहीही बदलावे लागणार नाही. रो-हाउसच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असल्याने २.४ वर गर्दी असणारच. तिथे चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि खाली १ नंबरचा चॅनेल असेल, तर वर ६ किंवा ११ निवडा.

केबलचे काम :
कॅट ६ (नेटवर्कची) केबल घेताना ती निव्वळ तांब्याची आहे का, हे टोक सोलून पाहा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार खरवडली की आतून पांढरी दिसते. ती वाकवताना लवकर तुटते. गिगाबिटला आठही तारा लागतात. एखादी तार टोकाच्या कनेक्टरमध्ये नीट दाबून बसली (क्रिंप झाली) नाही, तर इंटरनेट चालू राहते, पण बऱ्याचदा वेग गुपचूप १०० वर उतरतो. म्हणून काम करणाऱ्या माणसाला पैसे देण्यापूर्वी लॅपटॉपवर ‘लिंक स्पीड १०००’ दिसतो का, हे तपासा. केबल बाहेरच्या भिंतीवरून नेणार असाल, तर उन्हापावसात टिकणारी, काळ्या आवरणाची घ्या आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात येणार नाही.

विजेसाठी छोटा यूपीएस खाली मोडेमला आणि वर राउटरला, असा दोन्हीकडे लागेल. ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपियर छापलेले असतात. यूपीएसचे व्होल्ट त्याच्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत, यूपीएसचे अँपियर जास्त असले तरी हरकत नाही.

ऐरोलीकर :
सर्वांचे मनापासून आभार. मोडेमला मागे चार पोर्ट आहेत. त्यांतला कोणताही चालेल का? आणि मुलीच्या मैत्रिणी अभ्यासाला येतात, त्यांना वेगळे ‘गेस्ट’ वायफाय देता येईल का?

वर्तकनगर ठाणे :
चारही पोर्ट सारखे असतीलच असे नाही. काही मोडेमांत एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि त्यावर ‘जीई’ (गिगाबिट इथरनेट) असे लिहिलेले असते. केबल तिथेच लावा. गेस्ट वायफाय मात्र खालच्या मोडेमवर सुरू करा. ॲक्सेस पॉइंट म्हणून चालणाऱ्या स्वस्त राउटरवर गेस्टचे नाव वेगळे दिसले, तरी पाहुण्यांचे फोन बऱ्याचदा घरच्याच नेटवर्कमध्ये येतात आणि त्यांना तुमचा प्रिंटरही दिसू शकतो. मैत्रिणी खालच्या हॉलमध्ये बसणार असतील, तर सिग्नलचीही अडचण येणार नाही.