मदत हवी आहे: इंग्रजी कविता आणि लेखनाचे तास कसे आखावेत?

मुलं १३ ते १५ वयाची, वर्गात ४०, तास ४० मिनिटांचा, आठवड्याला ४ तास. पुढच्या आठवड्यात रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' शिकवायची आहे आणि त्यावर प्रत्येकाकडून इंग्रजीत एक परिच्छेद लिहून घ्यायचा आहे.

सध्याची पद्धत अशी: कविता वाचायची, ओळीओळीचा अर्थ सांगायचा, 'सारांश लिहा' म्हणायचं. मुलं अर्थ उतरवून घेतात, पण परिच्छेद सगळ्यांचे सारखेच येतात. कवितेचा संदेश म्हणून 'वेगळी वाट निवडा' एवढंच लिहिलेलं असतं. हात वर करणारी मुलं पाच-सहाच, बाकीची गप्प. खेळ, चित्रं, व्हिडिओ यांनी तास रंगतो, पण वहीत काही उतरत नाही. चार तासांची आखणी कशी करावी? ४० वह्या तपासण्याचं काय करावं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

आखणी शेवटाकडून सुरू करा. चौथ्या तासाला मुलाच्या वहीत जो परिच्छेद असायला हवा, तो आधी स्वतः लिहून काढा, ८० ते १०० शब्दांत, मुलांना झेपेल अशा इंग्रजीत. मग त्यात कोणते शब्द आले, कवितेतल्या कोणत्या ओळींचा आधार घ्यावा लागला आणि कुठली वाक्यरचना लागली, ते पाहा. पहिल्या तीन तासांत तेवढंच शिकवायचं. जे त्या परिच्छेदात लागत नाही, उदाहरणार्थ कवीचं चरित्र किंवा अलंकारांची यादी, ते या आठवड्यापुरतं बाजूला ठेवा.

परिच्छेद सारखे येतात कारण 'सारांश लिहा' या सूचनेत मुलाला ठरवायला काहीच उरत नाही. ज्याची दोन उत्तरं निघू शकतात असा प्रश्न हवा, आणि या कवितेत तो तयारच आहे: निवडलेली वाट खरोखर कमी वापरातली होती का?

आठव्या ओळीत कवी म्हणतो की त्या वाटेवर गवत होतं. पण ९ आणि १० व्या ओळीत लगेच कबूल करतो की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच झिजल्या होत्या. ११ आणि १२ व्या ओळीप्रमाणे दोन्हीकडे त्या सकाळी न तुडवलेली पानं पडली होती. आणि शेवटच्या कडव्यात तोच माणूस म्हणतो की पुढे कधीतरी, खूप वर्षांनी, मी सुस्कारा टाकून सांगेन की मी कमी वापरातली वाट धरली. म्हणजे तो पुढे जे सांगणार आहे, ते आधीच्या कडव्यांशी जुळत नाही. 'वेगळी वाट निवडा' हा संदेश इथे डळमळतो. हे मुलांनी स्वतः शोधायला हवं, तुम्ही सांगितलंत की प्रश्न संपला.

शीर्षकही सुरुवातीला झाकून ठेवा. दुसऱ्या तासाच्या शेवटी उघडा आणि विचारा, शीर्षक निवडलेल्या वाटेचं आहे की सोडलेल्या?

प्रतिसाद २

वरच्या आखणीला पूर्ण सहमती. पहिल्या तासाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी घसरण तिथेच होते.

या कवितेत अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात. 'वुड' म्हटलं की मुलांना लाकूड आठवतं, इथे रान आहे. 'लीव्ह्ज' म्हणजे पानं, पण बरीच मुलं ते 'सोडून जातो' असं वाचतात. सगळ्यात मोठा घोळ आठव्या ओळीतल्या 'वॉन्टेड वेअर'चा: इथे 'वॉन्टेड' म्हणजे 'हवं होतं' नाही, तर 'कमी पडत होतं', आणि 'वेअर' म्हणजे कपडे घालणं नाही, झीज. म्हणजे वाट फारशी झिजलेली नव्हती. हे कळलं नाही तर दुसऱ्या तासाचा प्रश्नच उभा राहत नाही. हे तीन आणि 'डायव्हर्ज्ड', 'ट्रॉडन', 'हेन्स' असे सहा शब्द आधी फळ्यावर घ्या. त्याहून जास्त नको. १५ शब्द दिले की मुलं यादी पाठ करतात आणि कविता मागे राहते.

वाचन तुम्हीच करा, सलग, दोनदा, मध्ये अर्थ न सांगता. एकेका मुलाला एकेक ओळ वाचायला लावू नका: ज्याची पाळी यायची आहे तो आपली ओळ मोजत बसतो, ज्याची झाली तो सुटला, आणि अडखळणारं मूल सगळ्यांसमोर उघडं पडतं. मुलांचा आवाज हवाच असेल तर एकेक कडवं सगळ्यांनी मिळून म्हणा. १८ वी ओळ 'आय'वर तुटते आणि १९ वी पुन्हा 'आय'ने सुरू होते. तिथे थांबा घेऊन वाचलं की तो माणूस अडखळतोय हे न सांगता ऐकू येतं.

ओळींना १ ते २० क्रमांक घालूनच प्रती द्या. मूल 'तिथे वर लिहिलंय' म्हणतं तेव्हा चर्चा थांबते, 'दहाव्या ओळीत' म्हणतं तेव्हा पुढे जाते.

आणि गप्प बसणाऱ्यांसाठी: प्रश्न विचारला की आधी २ मिनिटं प्रत्येकाने वहीत एक ओळ क्रमांक आणि एक वाक्य लिहायचं, मग ३ मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, त्यानंतर तुम्ही नाव घेऊन विचारायचं. हात वर करायची पद्धत या तासापुरती बंद. लिहिलेलं समोर असलं की बुजरं मूलही वाचून दाखवतं. जोडीतलं बोलणं मातृभाषेत झालं तरी चालेल, विचार पक्का होऊ दे. वर्गाला सांगताना मात्र इंग्रजी.

प्रतिसाद ३

तिसरा तास लेखनाचा. इथे मुलांना थेट 'आता लिहा' म्हटलं तर पुन्हा सारांशच येईल. आधी वाक्य, मग परिच्छेद.

फळ्यावर एकच अर्धं वाक्य द्या, इंग्रजीतलं 'तो म्हणतो की ती वाट कमी वापरातली होती'. ते तीन वेळा पूर्ण करायचं: एकदा 'बिकॉज' लावून, एकदा 'बट', एकदा 'सो'. 'बिकॉज'चं वाक्य सगळ्यांना जमतं. 'बट'च्या वाक्यात मुलाला नवव्या-दहाव्या ओळीकडे जावंच लागतं आणि 'सो'मध्ये स्वतःचा निष्कर्ष काढावा लागतो. १० मिनिटं पुरतात. पाहायला गेलं तर परिच्छेदाचा कणा इथेच तयार झाला.

पुढची १० मिनिटं तुम्ही फळ्यावर लिहा, पण तयार परिच्छेद उतरवू नका. मुलांसमोर विचार करत लिहा: 'हे वाक्य फार लांबलं, इथे तोडते', 'हा शब्द दोनदा आला, बदलते'. खोडाखोड दिसली पाहिजे. मात्र हा नमुना दुसऱ्या प्रश्नाचा असू द्या, उदाहरणार्थ शेवटच्या कडव्यातला सुस्कारा समाधानाचा की खंतीचा. त्याच प्रश्नाचा नमुना दिलात तर ४० वह्यांत तोच नमुना येईल. मग फळा पुसा.

त्यानंतर १५ मिनिटं पूर्ण शांतता, ५ ते ७ वाक्यं: मुद्दा, ओळीचा पुरावा, त्या ओळीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून स्पष्टीकरण, उलट बाजू, निष्कर्ष. मुलं पुरावा देतात आणि पुढच्या मुद्द्यावर उडी मारतात, स्पष्टीकरण गाळतात. म्हणून अट घाला: पुराव्यानंतरच्या वाक्यात कवितेतला एक शब्द अवतरणचिन्हात यायलाच हवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. शीर्षक झाकण्याचं कधी सुचलंच नव्हतं. दोन शंका. ज्यांना इंग्रजीत तीन वाक्यंही सलग जमत नाहीत अशी सात-आठ मुलं आहेत, त्यांना सोपी कविता द्यावी का? आणि चौथ्या तासाला वह्या तपासून परत कशा द्यायच्या? एका वहीला ५ मिनिटं धरली तरी २०० मिनिटं होतात.

प्रतिसाद २

सोपी कविता नको. प्रश्न तोच, कविता तीच, आधार वेगळा. त्यांना तीन वाक्यांची सुरुवात लिहून द्या आणि पाहायच्या ओळी पाचऐवजी दोनच: १० आणि १९. वेगळी कविता दिली तर ती मुलं वर्गाच्या चर्चेतून बाहेर पडतात, आणि हेच त्यांचं खरं नुकसान. सुरुवातीचे तुकडे पुढच्या परिच्छेदाला एकेक करून काढून घ्या, नाहीतर ती सवय होऊन बसते.

प्रतिसाद १

वह्यांबद्दल. प्रत्येक चूक लाल करू नका. एक कोरा कागद घ्या, वही वाचायला एक-सव्वा मिनिट, वहीत फक्त समासात खुणा. कागदावर तीन रकाने: वारंवार आलेल्या चुका, वाचून दाखवण्याजोगी वाक्यं, ज्यांच्याशी स्वतंत्र बोलायचं अशी मुलं. ४० वह्या साधारण ५० मिनिटांत होतात.

चुकांतल्या दोनच निवडा. बहुधा त्या अशा निघतील: दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली, आणि 'ए' व 'द' गाळलेले, कारण मराठीत उपपदं नाहीत. 'डिस्कस अबाउट'सारख्या चुका पुढच्या आठवड्यासाठी राहू द्यात.

चौथ्या तासाला पहिली १० मिनिटं या दोन चुका फळ्यावर, मुलांचीच वाक्यं नाव न सांगता घेऊन. मग चांगली वाक्यं वाचून दाखवा आणि ती का चांगली आहेत ते मुलांना विचारा. पुढची २० मिनिटं पुनर्लेखन, पण सगळा परिच्छेद नाही: स्पष्टीकरणाचं वाक्य नव्याने लिहायचं आणि त्या दोन चुका आपल्या वहीत शोधून दुरुस्त करायच्या. पुनर्लेखन घरी देऊ नका, घरून सुवाच्य नक्कल येते, सुधारणा येत नाही. उरलेल्या १० मिनिटांत तिसऱ्या रकान्यातल्या मुलांच्या बाकाजवळ जाऊन बसा. गुण या तासाला देऊ नका. वहीवर आकडा दिसला की मूल शेरा वाचत नाही.

धागाकर्ता

समासातल्या खुणा नेमक्या कोणत्या ठेवाव्यात?

प्रतिसाद ३

चार पुरतात. वाक्य नीट जोडलेलं नसेल तिथे उभी रेघ, शब्द गाळला असेल तिथे वरच्या बाजूला टोक असलेली खूण, पुराव्यानंतर स्पष्टीकरण नसेल तिथे प्रश्नचिन्ह, चांगल्या वाक्यापुढे चांदणी. पहिल्या दिवशीच त्यांचा अर्थ वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या आणि वर्षभर बदलू नका. चांदणी प्रत्येक वहीत किमान एक हवी, मात्र ती ज्या वाक्याला दिली ते खरंच चांगलं असावं. नाहीतर मुलं महिन्याभरात तिच्याकडे बघणं सोडतात.