मदत हवी आहे: पाठीला नीट आधार देणारी ऑफिस खुर्ची, बडोद्यात कोणती घ्यावी?

खातेवही:
नमस्कार मंडळी. मी घरून हिशेबाचं काम करते, मंगळबाजारातल्या दुकानांची खाती आहेत. दिवसभर बसणं. दुपारनंतर कंबर धरते आणि संध्याकाळपर्यंत मांड्यांच्या खालून मुंग्या येतात. सध्याची खुर्ची ऑनलाइन मागवलेली आहे, उंच पाठीची, डोक्याला उशी, कमरेशी फुगवटा, सगळं आहे. तरी हे हाल. बजेट १५ हजार. जीएसटीचं ११ तारखेचं जीएसटीआर-१ विवरणपत्र संपतं न संपतं तोच २० तारखेचं ३बी उभं राहतं, त्यामुळे लांबण न लावता थेट मॉडेल सांगा. रविवारी घेऊनच येणार आहे.

रावपुराकर:
गोदरेज इंटेरिओ घ्या आणि विषय संपवा. आमच्या शाखेत त्याच खुर्च्या आहेत. मॅनेजर बदलले, खुर्च्या त्याच. ऑनलाइन मात्र मुळीच घेऊ नका.

पद्मासन:
खुर्चीच नको. खाली पाट, पुढे उतरतं डेस्क आणि मांडी. पेढ्यांवरचे मुनीम जन्मभर असेच वह्या लिहीत आले. मी स्वतः असाच बसतो, पाठीची काही तक्रार नाही.

मणका_ताई:
खातेवही, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मॉडेल सांगण्याआधी थोडं विचारते. तुमची उंची किती? टेबल किती उंच? लॅपटॉप की वेगळा कीबोर्ड? मुंग्या एका पायात की दोन्ही? दुखणं कमरेतून पोटरीपर्यंत उतरतं का?

खातेवही:
दोन्ही पायांत, फक्त मांडीखाली. उठून चाललं की जातात. उंचीचा काय संबंध? दुखतंय कमरेत. टेबल नेहमीचंच आहे. कृपया मॉडेल.

निऑन_नाइट:
गेमिंग चेअर बघा. जवळजवळ आडवी होते, मानेला आणि कमरेला वेगळ्या उशा मिळतात. मी तासन् तास बसतो, एक नंबर आराम.

सुतारकाम:
निऑन भाऊ, त्या खुर्चीचे दोन्ही पंख खांद्यांना पुढे ढकलतात. गाडी वळताना माणूस घसरू नये म्हणून रेसिंगच्या सीटला ते लागतात, व्हाउचर टाइप करताना नाही. आणि मे महिन्यात बडोद्यात रेक्झिनला पाठ टेकवून दाखवा. जाळीचीच पाठ हवी.

निऑन_नाइट:
आता कापडाच्या पण येतात. आणि माझी पाठ दुखत नाही, एवढं मला पुरे.

सुतारकाम:
तुमची उंची?

निऑन_नाइट:
पाच फूट अकरा.

मणका_ताई:
म्हणूनच तुम्हाला ती बसते. खातेवही, उंचीचा संबंध सांगते. कमरेच्या मणक्याला आतल्या बाजूला बाक असतो, साधारण पट्ट्याच्या रेषेवर आणि तिच्या जरा वर. खुर्चीचा फुगवटा नेमका तिथे यायला हवा. तो जागेवरच पक्का असेल तर उंच माणसाच्या कमरेला लागणारा फुगवटा बुटक्या माणसाला बरगड्यांशी टोचतो. बैठकीची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, हीसुद्धा मांडीच्या लांबीवर ठरते. हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची एरॉन खुर्ची १९९४ मध्ये आली तीच मुळी ए, बी, सी अशा तीन मापांत. किंमत लाखाच्या वर, ती घ्या असं म्हणत नाही. पण खुर्चीला माप असतं हे त्यावरून लक्षात यावं.

आता हे करून बघा. सध्याच्या खुर्चीत पार मागे सरका, पाठ टेकवा आणि सांगा: गुडघ्यामागच्या खोबणीत आणि बैठकीच्या कडेत किती बोटं मावतात? तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का?

कारेलीबागची_आजी:
मुलीबाळींनी दिवसभर संगणकाला चिकटून बसूच नये. आमच्याकडे संखेड्याचा हिंचका आहे, सासूबाईंच्या वेळचा, लाखेचा रंग अजून तसाच चकाकतो. दुपारी त्यावर बसून पायाने हलका झोका घेतला की कंबर मोकळी होते.

वाडीवाला:
आजी, संखेड्याचा सोफासेट करून घ्यायचाय. तिकडे जाऊनच घ्यावा की बडोद्यात मिळतो?

कारेलीबागची_आजी:
जाऊनच घे बाळा, पन्नासेक किलोमीटर तर आहे. लाकूड सागाचंच आहे ना ते विचार, आणि रंग नखाने खरवडून बघ.

खातेवही:
हिंचक्यासाठी वेगळा धागा काढाल का? ताई, बघितलं. मागे सरकून बसलं की एकही बोट मावत नाही, कडा गुडघ्यामागे रुतते. म्हणून मी नेहमी पुढे सरकून बसते. आणि तळवे टेकत नाहीत, फक्त चवडे टेकतात. उंची पाच फूट.

मणका_ताई:
सापडलं. बैठक तुमच्या मांडीपेक्षा लांब आहे. कडा रुतते म्हणून पुढे सरकता, पुढे सरकलात की पाठ सुटते. फुगवटा आहे, पण तुमची कंबर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, दिवसभर ती बिनआधाराची. मांडीखालच्या मुंग्या बहुधा त्या कडेच्या दाबाने. आधाराविना बसण्याचा भार मोजलेला आहे: स्वीडनच्या नाकेमसन या अस्थितज्ज्ञाने १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा तो उभं राहण्यापेक्षा बिनआधार बसण्यात जास्त भरला. पाठ मागे टेकवून १००-११० अंशांत बसलं की तो उतरतो.

मुंग्या चालल्यावर जातात हे बरं आहे. पण पाय लुळा पडू लागला, पाऊल उचलेना, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर खुर्चीची दुकानं सोडून सरळ दवाखाना गाठा, त्याच दिवशी.

रावपुराकर:
एवढं शास्त्र कशाला? चांगल्या कंपनीच्या खुर्चीत सगळं आलंच.

मणका_ताई:
कंपनी चांगली असली तरी खुर्ची मापाची असेलच असं नाही, रावपुराकर. तुमच्या शाखेत कुणाचे पाय लोंबतात का, बघा एकदा.

रावपुराकर:
कॅशियर मॅडम पायाखाली कागदांचा गठ्ठा घेऊन बसतात, हे खरं.

गादीवाला_नाही:
कुणी गादीचा विचार केला का? कापसाची जुनी गादी काढून कॉयरची घेतली आणि माझी कंबर सुटली.

खातेवही:
गादी ठीक आहे. ताई, मग खुर्ची कशी ओळखायची? दुकानात सगळ्या सारख्याच दिसतात.

मणका_ताई:
घरून माप घेऊन जा. कडक स्टुलावर बसा, मांड्या आडव्या. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत एक माप. भिंतीला नितंब टेकवून तिथून त्याच खोबणीपर्यंत दुसरं. दुसऱ्या मापातून तीन-चार सेंटिमीटर वजा करा, तेवढीच बैठक हवी. हाताच्या कोपराची बैठकीपासूनची उंचीही घ्या. आणि टेबल किती, ते अजून सांगितलं नाहीत.

खातेवही:
खोबणीपर्यंत ३८, मागचं ४३, कोपर २१. टेबल ७६, डायनिंगचं.

सुतारकाम:
डायनिंगचं! हे आधी कळायला हवं होतं. २१ चं कोपर ७६ च्या टेबलावर आणायचं तर बैठक ५५ ला न्यावी लागेल. पाय ३८ चे. म्हणजे पाय वीतभर अधांतरी. कीबोर्डचा सरकता खण लावता आला असता, पण डायनिंगला फळीखाली आडवी पट्टी असते. खण तिच्याही खाली येणार आणि मांड्यांना लागणार.

पद्मासन:
म्हणूनच म्हणतो, खाली बसा.

मणका_ताई:
पद्मासन, ज्यांना सवय आहे त्यांचं चालतं. यांनी २० तारखेच्या तोंडावर मांडी घालून सुरुवात केली तर गुडघे धरतील. खातेवही, साध्या ऑफिस खुर्च्या ५२-५३ पर्यंत वर जातात. तेवढं चालेल, खांदे उचलले जाणार नाहीत इतपत. मात्र पायाखाली १५ सेंटिमीटरचं काहीतरी घट्ट हवंच.

दांडियाबाजार:
घरात चौरंग असेल तो घ्या ना.

कारेलीबागची_आजी:
चौरंगावर पाय? त्यावर गणपती बसतो.

दांडियाबाजार:
आजी, पूजेचा नाही हो, वेगळा म्हणतोय.

सुतारकाम:
प्लायचं ठोकून घ्या. चवड्यांकडे १५, टाचांकडे १०, असा उतार, रुंदी ४५ म्हणजे दोन्ही पाय हलवायला जागा. वर रबराची चटई चिकटवा, खाली रबराच्या गुट्ट्या, नाहीतर मोझेकवर घसरत राहील. कोणताही सुतार पाऊण तासात करून देईल.

जुनं_ते_सोनं:
नवी घेऊच नका. कंपन्या जागा बदलतात तेव्हा भारी खुर्च्या विकायला निघतात. १५ हजारांत चाळीसची मिळते.

रावपुराकर:
आणि खुर्ची वर-खाली करणारा गॅसचा दांडा महिन्यात बसला की कुणाकडे जायचं?

जुनं_ते_सोनं:
दांडा बदलून मिळतो, फार खर्च येत नाही.

मणका_ताई:
जुनी असो वा नवी, खातेवहींना ३९-४० ची बैठक हवी. उंच पाठीच्या बॉस खुर्च्यांत ती सहसा मिळत नाही, बैठक ४८-५० ची असते. मधल्या पाठीच्या टास्क चेअर, म्हणजे टेबलावरच्या कामाच्या साध्या खुर्च्या मागा, किंवा बैठक पुढे-मागे सरकणारी. कमरेचा आधार वर-खाली होणारा हवा. खुर्चीचे हात वर-खाली होणारे हवेत, नाहीतर टेबलाला अडून तुम्ही परत पुढे सरकाल. डोक्याची उशी नसली तरी चालेल. दुकानदार "बेन, बेसीने जुओ" (ताई, बसून बघा) म्हणेल, तेव्हा मिनिटभर टेकून उठू नका. पायाखाली त्याच्याकडून खोका मागून घ्या, पंधरा-वीस मिनिटं बसा, हात टाइप करतात तसे समोर धरा. पाठ टेकलेली असताना गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावली तरच पुढचा भाव.

दांडियाबाजार:
आणि संध्याकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जा. खुर्ची कितीही मापाची असो, पाठीचे स्नायू तयार नसतील तर काय उपयोग?

मणका_ताई:
हे बरोबर आहे. तासाभराने उठून दोन मिनिटं चालणंही त्यातच धरा.

खातेवही:
जाऊन आले. दोन दुकानांत सगळ्या उंच पाठीच्याच पुढे करत होते. तिसऱ्या दुकानात कोपऱ्यात मधल्या पाठीची जाळीची मिळाली, बैठक सरकणारी. पार मागे घेतली की ४० भरते. टेप घेऊनच गेले होते, दुकानदार बघत राहिला. खोक्यावर पाय ठेवून बसले, गुडघ्यामागे दोन बोटं मावली, आधार बरोबर पट्ट्यापाशी आणला. १३,५०० ला ठरली, मंगळवारी घरी येतेय. पायठाण सुताराला सांगितलं आहे. आता एकच विचारते: लॅपटॉप उंच करून कीबोर्ड वेगळा घ्यायचाय, आकड्यांचा पॅड असलेलाच हवा. कुणाकडे चांगला आहे? आधी टेबलाची खोली सांगते, ८० सेंटिमीटर.