शब्दचर्चा : ग्रीलींच्या चरित्रातलं 'मायलेज'

प्रश्न : न्यूयॉर्क ट्रिब्यूनचे संपादक होरेस ग्रीली यांच्यावर लेख लिहिते आहे. १८४८ साली ते अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले आणि लगेच सभासदांच्या 'मायलेज'चा हिशेब त्यांनी छापला. आपल्याकडे मायलेज म्हणजे गाडी लिटरला किती पळते ते, नाहीतर पुढाऱ्याला मिळालेला राजकीय फायदा. इथे दोन्ही बसत नाहीत. 'वाटखर्च' म्हणू का? 'काँग्रेसमन'ला काय म्हणावं? आणि ग्रीलींची ओळख 'पत्रकार आणि राजकारणी' अशी करून दिली तर चालेल का?

उत्तर : वाटखर्च नको. वाटखर्च म्हणजे वाटेत खरोखर झालेला खर्च. हे पैसे खर्चावर नव्हते, अंतरावर होते : दर २० मैलांना ८ डॉलर, जातानाही आणि येतानाही. म्हणून मी 'मैलभत्ता' म्हणेन. प्रवासभत्ता चुकीचा नाही, पण त्यात मैल दिसत नाही आणि सगळी गोम मैलांतच आहे. कायद्यात 'नेहमीच्या वाटेने' असे शब्द होते. आगबोटी आणि आगगाड्या आल्यावर लांबून जाणारी वाट जास्त सोयीची झाली, तीच नेहमीची ठरली आणि भत्ता फुगला. ग्रीलींनी टपालाच्या सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर आणि सभासदाने लावलेलं अंतर शेजारी शेजारी मांडलं, प्रत्येकाच्या नावानिशी. इलिनॉयच्या एका सभासदाचं घर टपालवाटेने ७८० मैलांवर होतं, त्याने लावले १६२६. जादा रक्कम ६७६ डॉलर ८० सेंट. त्या सभासदाचं नाव अब्राहम लिंकन, ग्रीलींच्याच व्हिग पक्षाचे. लेखात हे जरूर घ्या, आणि यात कुणी बेकायदा वागलं नव्हतं, हेही लिहा. ग्रीलींचा रोख कायद्यावर होता. त्यामुळे 'घोटाळा' हा शब्द टाळलेला बरा. सभागृह मात्र त्यांच्यावर भयंकर चिडलं.

'काँग्रेस सदस्य' लिहिलंत तर मराठी वाचकाला पक्ष आठवेल. 'प्रतिनिधीगृहाचे सदस्य' लिहा, पुढे नुसतं 'प्रतिनिधी' चालेल.

आणखी एक उत्तर : 'पत्रकार आणि राजकारणी' अशी जोडी मला खटकते. रिकाम्या झालेल्या जागेवर निवडून आलेले ग्रीली प्रतिनिधीगृहात होते ४ डिसेंबर १८४८ ते ३ मार्च १८४९, म्हणजे जेमतेम तीन महिने. वर्तमानपत्र मात्र जन्मभर. व्हरमाँटच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकलेला मुलगा १८३१ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि १० एप्रिल १८४१ रोजी त्याने ट्रिब्यून काढलं. नुसत्या 'पत्रकार'मध्ये छापखाना येत नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात 'वर्तमानपत्रकर्ते' म्हणत, तो शब्द त्यांना शोभतो. छापणं, लिहिणं, पत्र चालवणं, सगळं त्यात येतं.

प्रश्नकर्ती : मैलभत्ता घेते, पहिल्या उल्लेखाला दराचं वाक्य जोडून. 'वर्तमानपत्रकर्ते' शीर्षकातच घालते.