घराण्याचं कोलेस्टेरॉल : तुमच्या घरात कसं चाललंय?

मुलुंडकरीण
माझ्या दिराला ३८व्या वर्षी हार्ट अटॅक आला. वाचला. आयसीयूबाहेर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वडिलांबद्दल. सासरे ४२व्या वर्षी गेले, गिरणीचा संप चालू असताना. त्यांना संपाने खाल्लं असंच चाळीत आजवर बोललं जायचं. आता नवऱ्याचं, दिराचं आणि पुतण्याचं, तिघांचंही एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २०० च्या वर निघालंय.

नाव लांबलचक आहे, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. डॉक्टर नुसतं एफएच म्हणतात. रक्तातलं एलडीएल उचलणारे यकृतावरचे रिसेप्टर जन्मापासूनच कमी पडतात. आईवडिलांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. साधारण २५० माणसांत एकाला असतो, पण बहुतेकांना पत्ताच नसतो.

रोजच्या जगण्यात काय बदललं, कोण काय बोललं, काय जमलं नाही, ते लिहा. पथ्याच्या पाककृती नकोत आणि एकमेकांना डोस सुचवू नका, ते डॉक्टरांचं काम.

काटकुळा_लालबागकर
माझं वजन ५६ किलो. ऑफिसच्या तपासणीत एलडीएल २४० आलं तेव्हा लॅबने रिपोर्टची अदलाबदल केली असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दुसऱ्या लॅबमध्येही तेच. मग टोमणे सुरू, "वडापाव अंगावर दिसत नाही, जातो कुठे ते कळलं!" फॅमिली डॉक्टरांनी तीन महिने पथ्य दिलं. आईने आमटीतलं खोबरंसुद्धा बंद केलं आणि माझ्यापायी सगळं घर ती आमटी गिळत होतं. एलडीएल उतरून २१५. आमच्यासारख्यांचं पथ्याने एवढंच उतरतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर आईचे कष्ट वाचले असते.

हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र फाईल उघडायच्या आधी बूट-मोजे काढायला लावले. टाचेमागची जाड शीर चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चाचपली. तिथे गाठी आहेत. घरी सगळे बूट चावलाय म्हणायचे. ते साचलेलं कोलेस्टेरॉल, झँथोमा. बाबांची टाच बघितली, तशीच. भाऊबीजेला आत्याकडे ओवाळून झाल्यावर सगळे टाचा पुढे करून बसले होते, आत्याच्या सुनेला वाटलं आम्हाला वेड लागलंय. आत्याची आणि तिच्या मोठ्या मुलाची टाच तशीच निघाली.

आता दोन गोळ्या आहेत, एलडीएल शंभरच्या आत. गोळी घेऊन काही वाटत नाही, न घेतली तरी काही वाटत नाही. त्यामुळेच ती चालू ठेवणं कठीण जातं.

निसर्गोपासक
कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी सोडलेलं पिल्लू आहे. आमचे आजोबा रोज वाटीभर तूप खाऊन नव्वदीपर्यंत जगले. लसूण आणि अर्जुनसाल घ्या, गोळ्या फेका.

मुलुंडकरीण
तुमच्या आजोबांना एफएच नसावा, भाग्यवान. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी अशाच घराण्यांतल्या रुग्णांच्या पेशी तपासून हे रिसेप्टर शोधले, १९८५चं नोबेल त्या कामाचंच. लसूण खाऊ, चवीला छान लागतो. गोळ्या फेकायचा सल्ला इथे नको.

चौथीची_आई
नवऱ्याचं निदान झाल्यावर लेकीचं रक्त तपासलं. एलडीएल २१०. गोळी ८ ते १० वर्षांपासून सुरू करता येते म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला म्हाताऱ्यांची गोळी?" माझ्याही पोटात तेच होतं, फक्त तोंडाने म्हटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की मुलीचं वय बघू नका, तिच्या रक्तवाहिन्यांवर किती वर्षं मारा होतोय ते बघा. तो जन्मल्या दिवसापासून होतोय. तेव्हा पटलं.

खरा त्रास वाढदिवसांचा. "हिला केक चालत नाही ना गं?" हे तिच्यादेखत, सगळ्या मुलांसमोर. आता मीच सांगून ठेवते, खाऊ दे. रोजचं घरी सांभाळतो की. रात्री बापलेक एकदम गोळी घेतात आणि बाबा विसरले तर तीच ओरडते. शाळेत अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत का?

दादरची_सून
लग्न जमवताना आई म्हणायची, बायोडाटात रक्तगट लिहितो तेवढं पुरे. मी माझ्या एफएचचं दुसऱ्या भेटीत सांगायचे. एका स्थळाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवली होती, २८ गुण! ज्याच्याशी लग्न झालं तो काही बोलला नाही, पुढच्या भेटीत स्वतःचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन आला. नॉर्मल. एवढं रोमँटिक माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही.

मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. माझं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, आधीच थांबवलं, ते बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत बंदच होतं.

परळची_वारी
दादरच्या ताईंच्या नवऱ्याने स्वतःचं रक्त तपासलं, फार शहाणपणाचं केलं. माझे आईबाबा आते-मामेभावंडं. आमच्यात चालतं. दोघांकडे एकेक दोष, आणि धाकट्या भावाला दोन्हीकडून आला. शाळेत जायच्या आधीपासून कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळ्या गाठी. त्वचेच्या डॉक्टरांनी कापून काढल्या, परत आल्या. रक्त बघायचं कुणाला सुचलं नाही. बघितलं तेव्हा तो सातवीत होता, एलडीएल ६००च्या वर. स्टॅटिन हे रिसेप्टर वाढवून काम करतं, आणि त्याच्याकडे चालणारे रिसेप्टर जवळपास नाहीतच.

आता कॉलेजात आहे. स्टेशनचा पूल चढताना छाती भरते म्हणून सरकत्या जिन्याच्या बाजूचाच डबा पकडतो, मित्रांना सांगतो तिकडे गर्दी कमी असते. मला दोन्हीकडून काहीच आलं नाही. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी घरात तो कुणी मोठ्याने वाचला नाही.

ठाणे_लोकल
विम्याचं थोडक्यात. आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी अंगाशी येतं. सांगितलात तर हप्ता वाढू शकतो. आधीपासूनच्या आजारासाठी २०२४च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावतात, पूर्वी ४ होती.

वसईची_मावशी
चौथीची आई, आम्ही शाळेत फक्त मुक्कामाच्या सहलीच्या वेळी सांगतो. गोळ्यांची पुडी बाईंकडे. बाईंनी एवढंच विचारलं, जेवणाआधी की नंतर.

मोठ्या माणसांचं कसं करता? एकाला निघालं की त्याचे आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांची तपासणी करा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी माझा रिपोर्ट घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. अंगठे आणि हात जोडलेले भरपूर आले, लॅबमध्ये कुणी गेलं नाही. मग एकेकाला फोन लावले. चुलत दीर म्हणाले, चांगलं चाललंय तर कशाला उकरताय, आणि ग्रुपच सोडला. रात्री त्यांच्या मुलाचा मेसेज आला, "काकू, उपाशीपोटी जावं लागतं का?" म्हटलं, पहिल्या चाचणीला नसलास तरी चालेल, ऑफिसमधून येताना देऊन ये.