मदत हवी आहे: सव्वातीन वर्षांच्या मुलाचे दात किडले. काळं औषध, टोपी की पूर्ण भूल?

अबोली_फोंडा
मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा, वजन १३ किलो. वरच्या पुढच्या चारही दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टा आलाय, एकाचा कोपरा तुटलाय. खाली डावीकडे दोन दाढांच्या मध्ये भोक आहे. तिथे शितं अडकतात आणि रडतो, काढली की गप्प. सूज नाही, ताप नाही, रात्री दुखून उठत नाही. झोपताना साखर घातलेलं दूध अजून बाटलीने पितो.

एका डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन सगळं एकदमच करू म्हटलं. दुसरे म्हणाले, भूल नको, पुढच्या दातांना काळं औषध लावू आणि दाढांना स्टीलच्या टोप्या बसवू, कीड न कोरता. कीड आत ठेवून वर टोपी कशी चालेल? सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत. काय करू?

कुळागर
सासूबाईंचं म्हणणं पुढच्या दातांपुरतं अर्धं खरं आहे, ते सहा ते आठ वर्षांचा होईतो पडतील. पण दाढांचं तसं नाही. खालची दुसरी दुधाची दाढ पडते १० ते १२ व्या वर्षी. म्हणजे तिला अजून सात-आठ वर्षं चावायचंय. ती आधीच काढावी लागली तर सहाव्या वर्षी तिच्या मागे येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाऊन टाकते. मग जागा राखायला तारेचा फास बसवा, तो सुटला की परत चिकटवा, असं वर्षानुवर्षं चालतं.

तुम्ही लिहिलेल्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे ‘रात्री दुखून उठत नाही’. अन्न अडकल्यावर दुखतं आणि काढलं की थांबतं, तेव्हा आतली नस बहुधा जिवंत असते. आपोआप दुखणं, झोपेतून उठणं, हिरडीवर पुळी येऊन पू येणं, दात हलणं यांतलं काही असतं तर काळं औषध आणि टोपी हे दोन्ही उपाय बाद झाले असते. मग नसेवरचा उपचार किंवा दात काढणं एवढंच उरतं.

एक मात्र सोडू नका. दाढांचा छोटा एक्स-रे काढल्याशिवाय टोपीला हो म्हणू नका. कीड आणि नस यांच्यामध्ये निरोगी दाताचा स्वच्छ पट्टा दिसला पाहिजे, आणि मुळांच्या फाट्यात काळी सावली नको. लहान मुलांसाठी लहान आकाराची फिल्म मिळते. आई मांडीवर घेऊन बसली तर बरीच मुलं एवढं करू देतात.

दंतकथा
काळ्या औषधाबद्दल मी लिहिते. त्याचं नाव सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, बोलताना सगळे एसडीएफ म्हणतात. ३८ टक्क्यांचं असतं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ झालेला भाग कडक करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०२१ पासून आहे, तेव्हा कुणाचा घरगुती प्रयोग समजू नका.

लावायला फार काही लागत नाही. ओठांना व्हॅसलीन, दात कापसाने कोरडा, इवल्याशा ब्रशने औषध टेकवायचं, एक मिनिट थांबायचं, जास्तीचं टिपून घ्यायचं. एका थेंबात पाचेक दात होतात. बिघडतं ते ‘कोरडा’ या शब्दावर. मूल रडतंय, लाळ वाहतेय आणि घाईत औषध लावलं, तर ते लाळेबरोबर निघून जातं. दातावर दुधाचा पांढरा थर तसाच असेल तरीही आत पोचत नाही. ओठाला किंवा बोटाला लागलं तर तपकिरी डाग पडतो, आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. कपड्याचा जात नाही, फरशीचाही नाही. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंडात छाले असतील तर लावत नाहीत.

किडलेला भाग कायमचा काळा होतो, निरोगी दात होत नाही. फोटोत दिसेलच, त्यामुळे आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दोन-चार आठवड्यांनी डॉक्टर अवजाराच्या टोकाने तपासतील. काळा, चकचकीत, कडक लागला तर कीड थांबली. तपकिरी, मऊ लागला तर परत लावायचं. काळेपणा नकोच असेल तर कीड थांबल्यावर वरून दाताच्या रंगाचं सिमेंट किंवा काँपोझिट भरता येतं. तुटलेला कोपराही तेव्हाच.

एकदा लावून सोडून देण्याचं औषध नव्हे हे. हाँगकाँगच्या बालवाड्यांत अडीच वर्षं चाललेल्या चाचणीत ३८ टक्क्यांचं औषध वर्षातून दोनदा लावलं तेव्हा साधारण ७५ टक्के जागी कीड थांबली, वर्षातून एकदा लावलं तेव्हा ६७ टक्क्यांच्या आसपास. पुढच्या दातांवर ते जास्त चालतं, दाढांवर कमी. आणि भोक भरत नाही! शितं अडकायची थांबणार नाहीत, म्हणून दाढांना टोपीच हवी.

कुळागर
टोपीचं सांगतो. या पद्धतीला हॉल पद्धत म्हणतात, स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावावरून. किडीचे जंतू तोंडातल्या साखरेवर जगतात. सिमेंट भरलेली टोपी घट्ट बसली की त्यांची रसद तुटते आणि कीड जागच्या जागी थंडावते. म्हणून कोरायची गरज नाही, सुईचीही नाही.

तुमच्याकडे दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर तीन-पाच दिवस आधी मध्ये रबराच्या रिंगा घालतात. त्या दिवसांत चिक्की, खाजं, च्युइंगम बंद. बसवण्याच्या दिवशी रिंग काढतात, मापाची टोपी निवडतात, आत ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात, दाबून बसवतात आणि मुलाला कापसाच्या गुंडाळीवर चावायला लावतात. मूल बसलेलं हवं, आडवं नको, आणि घशाआड गॉज हवंच, कारण निसटलेली टोपी श्वासनळीत जाऊ शकते. हिरडी पांढरी पडलेली दिसेल, ती निवळते. दात आधी उंच लागतात, दुसऱ्या बाजूच्या दाढा टेकत नाहीत, आया घाबरून फोन करतात. दोन ते चार आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. तोवर पेज, मऊ भात.

एक खोट सांगून ठेवतो. दुसऱ्या दाढेची टोपी मोठ्या मापाची बसली तर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ तिच्या कडेखाली अडकते. म्हणून बसणाऱ्यांतली सगळ्यात लहान टोपी घ्यावी.

रानवारा
पूर्ण भुलीला उगाच वाईट म्हणू नये. दहा-बारा दात गेलेत, नसेपर्यंत गेलेत, मूल दोन वर्षांचं आहे किंवा विशेष गरजांचं आहे, तर तोच शहाणा मार्ग. पण रुग्णालय, भूलतज्ज्ञ, रक्ततपासणी, आदल्या रात्रीपासून उपाशी, एवढं सहा दातांसाठी आणि नस जिवंत असताना? एक्स-रे बघून ठरवा. दुसरं मत हवं असेल तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

सांजवात_डिचोली
बाटली सुटली नाही तर यातलं काहीच टिकणार नाही. झोपेत लाळ आटते, दूध वरच्या पुढच्या दातांवर तासन्‌तास बसून राहतं. खालचे पुढचे दात वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते. तुमच्या मुलाचं चित्र अगदी तेच आहे.

एकदम तोडू नका, घरभर रडारड होईल. आधी साखर बंद. मग दर तीन रात्रींनी पाव भाग दूध काढून तेवढं पाणी घाला, पंधरा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि मूल स्वतःच फेकून देतं. दूध प्यायचंच असेल तर जेवताना, पेल्यातून. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की गोड चहात बिस्कूट, दहा वाजता केळं, अकराला आजीकडून लाडू, हेही मोजा. तोच लाडू जेवणाला लागून दिला तर नुकसान कमी. गोड सिरप रात्री द्यायचं असेल तर ब्रशच्या आधी.

पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची हवी. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा निम्मं असतं, तेव्हा ट्यूब उलटी करून वाचा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. मूल तुमच्या मांडीवर डोकं ठेवून, वरचा ओठ अंगठ्याने उचलून तुम्हीच घासायचं. थुंकायचं, चूळ भरायची नाही. लवंगतेल नको, हिरडी भाजते.

अबोली_फोंडा
सगळ्यांचे आभार. एक्स-रे आज झाला, डॉक्टर म्हणतात मधला पट्टा स्पष्ट आहे. सोमवारी रिंगा घालणार. दुखलं तर काय द्यायचं? आणि रिंग रात्री निघाली तर?

दंतकथा
पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. १३ किलोला १९५ मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा बघा: ५ मिलीत १२० असेल तर ८ मिली, २५० असेल तर ४ मिलीला थोडं कमी. गफलत इथेच होते, चमचा तोच आणि औषध दुप्पट. सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन मुळीच नाही. गाल सुजला, ताप आला, डोळ्याखाली सूज चढली तर वाट न बघता १०८ किंवा थेट बांबोळीला. नुसत्या अँटिबायोटिकवर घरी बसू नका, मूळ दातात असतं.

कुळागर
रिंग निघून तोंडात आली किंवा गिळली गेली तरी भीती नाही, शौचातून जाते. सकाळी दवाखान्यात कळवा, जागा झाली असेल तर परत घालणार नाहीत. मात्र रिंग निघालेली सापडली नाही आणि दातांमध्येही दिसत नाही, तर ती हिरडीखाली सरकली असू शकते. ती शोधून काढल्याशिवाय टोपी बसवू देऊ नका. आत राहिली तर हिरडी आणि हाड दोन्ही खाते.