मदत हवी आहे: गावाकडच्या कोर्टातून माझ्या नावाचं पकड वॉरंट निघालंय

काल संध्याकाळी आईचा फोन. पोलीस पाटील आणि ठाण्याचा एक अंमलदार घरी येऊन गेले. "पोराचं वॉरंट आहे, हजर व्हायला सांगा," एवढंच बोलले, चहा घेतला आणि गेले. कसलं वॉरंट, कुठल्या कोर्टाचं, हे आईनं विचारलं नाही. घाबरून गेली होती ती.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे. गाव सातारा जिल्ह्यात. २०१७ साली बहिणीच्या लग्नासाठी तालुक्याच्या एका पतसंस्थेतून (नाव लिहीत नाही) दीड लाखाचं कर्ज काढलं होतं. तेव्हा त्यांनी सह्या केलेले कोरे चेक ठेवून घेतले. सगळेच देतात म्हणून मीही दिले. २०१९ मध्ये आधीची कंपनी बंद पडली, हप्ते थकले. लॉकडाऊननंतर जुळवाजुळव करून डिसेंबर २०२१ ला व्याजासकट सगळं भरलं आणि बेबाकी दाखला घेतला. माझ्या लेखी विषय तिथंच संपला होता. दुसरी कुठलीही भानगड नाही, त्यामुळे हे चेकचंच असावं असा अंदाज.

नक्की काय आहे ते कसं शोधू? थेट पोलीस ठाण्यात गेलो तर तिथंच बसवून ठेवतील का? कंपनीत कळलं तर नोकरीचं काय? रात्रभर झोप नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

उंब्रजकर:
एवढं घाबरू नका. अंमलदाराला गाठा, चहापाण्याचं बघा. "मिळून आला नाही" असा शेरा मारून वॉरंट परत जातं. आमच्याकडे असंच चालतं.

निवृत्त_शिरस्तेदार:
उंब्रजकर, असले सल्ले देत जाऊ नका हो. पैसे देणं हा वेगळा गुन्हा झाला, ते सोडा. तो शेरा दोन-तीनदा आला की कोर्ट पुढच्या पायरीवर जातं: फरारी असल्याचा जाहीरनामा आणि मग मालमत्तेची जप्ती. पुन्हा वॉरंट शिळं होतं अशी लोकांची समजूत असते, तीही चूक. ज्या कोर्टानं काढलं ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत असतं. मी नोकरीत असताना दहा-दहा वर्षांपूर्वीच्या वॉरंटांवर माणसं धरून आणलेली पाहिली आहेत, एक तर लग्नाच्या मांडवातून.

दादा, तुम्ही आधी हे करा. मोबाइलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं अ‍ॅप घ्या किंवा संकेतस्थळ उघडा. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडा आणि पक्षकाराच्या नावानं शोधा. वर्ष २०१९ टाका, सापडलं नाही तर २०२० टाकून बघा. नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि कारकुनांनी स्पेलिंगं मनाला येतील तशी केलेली असतात. म्हणून पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं पुरे. केस सापडली की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर वहीत उतरवून ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागतो. मग तारखांच्या यादीत एकेका तारखेवर टिचकी मारा, त्या दिवशी कोर्टात काय झालं ते दिसेल. टप्प्याच्या रकान्यात "एनबीडब्ल्यू अनरेडी" दिसलं तर अजामीनपात्र वॉरंट निघालेलं आहे असं समजा.

ऑनलाइन दिसलं नाही म्हणजे काही नाही असं मात्र धरून बसू नका. खरा पुरावा कोर्टातला रोजनामा, म्हणजे तारीखवार काय झालं याची कोर्टाची नोंद. वकील लावून तो बघून घ्या.

धागाकर्ता:
काका, सापडलं. आणि एक नाही, दोन निघाल्या. दोन्ही एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटले), नंबर लागोपाठचे, २०१९ च्या, फिर्यादी तीच पतसंस्था. एकात "एनबीडब्ल्यू अनरेडी", दुसरी अजून समन्सवरच आहे. आडनावाचं स्पेलिंग एकात वेगळंच आहे, पहिल्यांदा शोधलं तेव्हा म्हणूनच एकच दिसली.

मला आजपर्यंत एकही समन्स मिळालेलं नाही. आईला खोदून विचारलं तर म्हणते, एक माणूस आला होता, घरात कोण बाप्या माणूस आहे का विचारून गेला. पुढे कधीतरी दाराला कागद डकवलेला होता, तिला वाटलं वीजबिलाचं काहीतरी.

काळाकोट:
तुमच्या आईनं सांगितलेलं अगदी जुळतंय. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपी सापडला नाही तर समन्स घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देता येत असे. आई एकटी, म्हणजे समन्स आणणाऱ्यानं परत जायचं आणि शेवटी दाराला डकवायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत "पुरुष" हा शब्द काढून टाकलाय, आता घरातल्या सज्ञान बाईकडेही समन्स देता येतं. अर्ज लिहिताना वकिलाला हे जरूर सांगा, तुम्ही मुद्दाम टाळलं नाही हे त्यातून दिसतं.

तुमच्या केसेस २०१९ च्या आणि चालू असलेल्या, त्यामुळे त्यांना जुनीच संहिता लागू राहील. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज तिच्या कलम ७०(२) खाली. (नव्या केसवाल्यांसाठी: आता तेच कलम ७२(२) झालंय.)

आता मनातली भीती. चेक न वटल्याचा कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र निघालं म्हणून गुन्हा अजामीनपात्र होत नाही. स्वतःहून हजर झालेल्या माणसाला, त्यातही आजवर एकदाही जामीन न घेतलेल्याला, कोर्ट सहसा आत टाकत नाही. आधी जामीन घेऊन मग तारखांना दांडी मारणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांचा जातमुचलका (हजर राहण्याची रकमेसह लेखी हमी) जप्त होतो आणि न्यायाधीशांचा सूरही बदलतो.

याउलट पोलिसांनी धरलं तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतील, पण ते तास कुठले हे तुमच्या हातात नाही. शनिवारी रात्री उचललं तर रविवार सुट्टीच्या कोर्टात. तुम्ही नेहमीच्या कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहालाच कोर्टात असा. वकीलपत्र, अर्ज, भोसरीचा भाडेकरार, कंपनीचं पत्र, बेबाकी दाखला, सगळं सोबत. शिवाय जामीनदार न्या, त्याचा सातबारा आणि आधार घेऊन. पुकारा होईपर्यंत कोर्टाबाहेर चहाला सुद्धा जाऊ नका.

एक विनंती. "चेक सिक्युरिटीचा होता" हा बचाव वॉरंटच्या अर्जात घुसडू नका, त्याची जागा वेगळी.

खडीसाखर:
माझ्या मिस्टरांच्या वेळी आम्ही इथंच चुकलो होतो. वॉरंट रद्द झालं, पेढे वाटले, आणि मूळ केस तशीच राहिली. आठ महिन्यांनी पुन्हा वॉरंट. वॉरंट जातं, केस जात नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि सावध राहा, मध्यंतरी एकाचा फोन आला होता, "वॉरंट रद्द करून देतो, यूपीआयवर पैसे टाका". फोनवरून आणि यूपीआयवरून वॉरंट रद्द होत नसतं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना काही गटांत आणि ठरावीक उत्पन्नाच्या आत मोफत वकील मिळतो.

निवृत्त_शिरस्तेदार:
ताईंचं म्हणणं पूर्ण खरं. पतसंस्थेला पैसे पोचले हे कोर्टाला आपोआप कळत नाही. त्यांचा अधिकृत माणूस कोर्टात येऊन रक्कम मिळाल्याची पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देत नाही तोवर केस पटावर राहते. वसुली अधिकारी बदलला असेल, कुणी लक्ष दिलं नसेल. वॉरंटच्या तारखेआधीच दाखल्याची प्रत घेऊन पतसंस्थेत जा आणि दोन्ही केसचे नंबर त्यांच्या हातात द्या. तडजोड जितकी लवकर तितका भुर्दंड कमी, हे सुप्रीम कोर्टानं २०१० च्या दामोदर प्रभू निकालात ठरवून दिलंय.

उंब्रजकर:
चुकलं आमचं. काका, तुमचा मुद्दा मान्य.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी):
सगळ्यांना कळवतो. मंगळवारी हजर झालो. जामीनदार म्हणून चुलत्यांना नेलं, पण त्यांच्या सातबाऱ्यावर चौघांची नावं निघाली. बेंच क्लार्कनी भुवया उंचावल्या, पण वकिलांनी क्षेत्र आणि हिस्सा दाखवून निभावलं. दुपारी तीनला पुकारा झाला. न्यायाधीश बाईंनी फक्त विचारलं, "इतकी वर्षं कुठं होता?" माझ्या तोंडून शब्द फुटेना, वकिलांनीच सांगितलं. ५०० रुपये खर्च भरायला लावला, १५,००० चा जामीन घेतला आणि वॉरंट रद्द केलं. दुसऱ्या केसमध्येही त्याच दिवशी स्वतःहून हजर होऊन जामीन दिला, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा हाच धागा काढावा लागला असता.

पतसंस्थेत दोन हेलपाटे झाले. नव्या मॅनेजरनी रजिस्टर काढलं, पैसे जमा दिसले, केसची नोंदच नाही! पुढच्या तारखेला दोन्ही केसमध्ये पुरसीस द्यायचं कबूल केलंय, लेखी घेतलंय.

एक शंका उरली. अंमलदाराकडे जुनं वॉरंट अजून असेलच ना? उद्या गावात दिसलो आणि उचललं तर?

निवृत्त_शिरस्तेदार:
असेल. कोर्टाकडून ठाण्याला वॉरंट परत मागवण्याचं पत्र जातं, पण ते टपालात किती दिवस फिरेल याचा नेम नाही. रद्द झाल्याच्या हुकमाची नक्कल मिळण्यासाठी उद्याच अर्ज टाका. एक प्रत ठाण्यातल्या वॉरंट अंमलदाराला देऊन तिची पोच घ्या, एक आईकडे ठेवा, एक तुमच्या पाकिटात. आणि गावी जाल तेव्हा तो अंमलदार परत आलाच तर आईला सांगा, आधी कागद दाखव, चहा मग.